अराइव्ह आणि गूळ-पाणी

आमच्या घरात इंग्रजी आलं ते रेल्वेतून. बा कॅसलरॉकच्या घाटात रूळ राखणाऱ्या गँगवर मुकादम होता. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, पण साहेबांच्या मागे फिरून दोन शब्द असे धरले होते की ते काही केल्या सुटत नसत. गाडी स्टेशनात लागली की 'अराइव्ह', आणि काम फत्ते झालं की 'सक्सेस'. पुढे हे शब्द रुळांपुरते राहिले नाहीत. गाय व्याली की वासरू अराइव्ह. तव्यावरची भाकरी टम्म फुगली की सक्सेस. शेजारणीसुद्धा पाण्याला जाताना एकमेकींना विचारायच्या, नवरा कामावरून अराइव्ह झाला का गं, आणि तोंडाला पदर लावून हसायच्या.

आईला मात्र या शब्दांचा भारी राग. ती जोयड्याकडच्या रानातली, भात लावणाऱ्या घरातली. तिच्या माहेरची रीत अशी, की माणूस दारात येऊन उभा राहिला म्हणजे आला असं नव्हे. पायावर पाणी पडलं, हातावर गुळाचा खडा आला, वर तांब्याभर पाणी पोटात गेलं, म्हणजे तो आला. तोवर त्याला 'बरं हाय का' असंही विचारायचं नाही. गाडी खुशाल अराइव्ह होऊ दे, माणूस गूळ-पाण्यानंच येतो, असं ती बाला सुनवायची. बा मिशीत हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

माझं लग्न ठरलं ते घाटाखाली, गोव्यातल्या घरात. तेव्हा खाली पोर्तुगिजांचं राज्य आणि वर इंग्रजांचं, त्यामुळे कॅसलरॉकला गाडी थांबवून जकातवाले सगळ्यांचं सामान उघडून बघत. नवरदेव बोलणीसाठी आला होता, तेव्हा बाने अंगणातून आरोळी ठोकून त्यालाही अराइव्ह केलं होतं. पाहुणेमंडळी एकमेकांकडे बघत राहिली, तो एकटा खळखळून हसला. मला तो तेवढ्यावरच आवडला. हे मी आज उघड सांगते. तेव्हा सांगायची सोय नव्हती.

मुहूर्त गोरजाचा होता, गुरं रानातून परतायच्या वेळेचा. पावसाळा तोंडावर आलेला, लगीनसराईतला तो शेवटचाच दिवस. तो चुकला तर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायचं, आणि नवऱ्याचा मामा तर आधीपासूनच आमच्या स्थळावर नाक मुरडत होता. एवढ्या दिवसांत त्याने नक्कीच दुसरी मुलगी पुढे केली असती. दुपार कलल्यावर घाटातून शिट्टी ऐकू आली. बा धावत स्टेशनात जाऊन आला आणि मांडवाच्या तोंडाशी उभा राहून गरजला, "अराइव्ह! राइट टाइम!" लगेच वाजंत्री सुरू झाली, आचाऱ्याने आधणात तांदूळ वैरले, मला मुंडावळ्या बांधून पाटावर बसवलं. वाजवणाऱ्यांचे गाल दुखायला लागले, भात शिजून निवत आला, तरी वऱ्हाडाचा पत्ता नाही.

शेवटी गँगमधला एक माणूस धापा टाकत सांगायला आला. वऱ्हाड जकातीच्या शेडमध्ये अडकलं होतं. वरमाईजवळ ओटीचं गाठोडं होतं, कुलदेवतेपुढे बांधलेलं. त्यांच्याकडे ते नवरीच्या दारातच, नवरीच्या आईच्या हातानेच सोडायचं असतं. वाटेत सुटलं तर अपशकुन. जकातीचा साहेब म्हणत होता, उघडल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही. वरमाई गाठोडं मांडीखाली घेऊन बसली होती आणि मामा परतीची गाडी कधी आहे याची चौकशी करत होता. मघाशी अराइव्ह म्हणून गरजलेला बा मांडवाच्या खांबाला टेकून खालीच बसला.

आई उठली. पाण्याची घागर तिने कमरेवर घेतली, गुळाची परात बाच्या हातात दिली आणि मला धरून स्टेशनाकडे चालायला लागली. मागून वाजंत्री आणि त्यामागे अख्खा मांडव. शेडच्या दारात तिने पदराने जागा झाडली, तांदळाच्या पिठाने रांगोळी ओढली आणि एकेकाच्या पायावर पाणी घालून गूळ-पाणी द्यायला लागली. मामाने हात मागे घेतला. आई त्याच्यापुढे तशीच उभी राहिली.

"जितं माजं गूळ-पाणी, तितं माजं दार," ती म्हणाली. "तुमी आता माज्या दारात हायसा."

वरमाईने मांडीखालचं गाठोडं काढून आईच्या ओंजळीत ठेवलं. आईने साहेबाच्या देखत गाठ सोडली. हिरवा चुडा, लुगडं, खण, नारळ, आणि हळदीत माखलेलं मंगळसूत्र. साहेबाने मान डोलावली. आईने त्यालाही गूळ दिला, आणि त्याने टोपी काढून तो खाल्ला. तोवर मामाचाही खडा तोंडात गेला होता.

घरी जायला आता वेळ नव्हता. गुरं रानातून परतायला लागली होती. शेडमागच्या आंब्याखालीच अंतरपाट धरला. अक्षता पडल्या तशी इंजिनाच्या ड्रायव्हरने लांबलचक शिट्टी दिली, गायी उधळल्या, भटजींची पगडी पडली, आणि अंतरपाटापलीकडून तेच खळखळून हसणं ऐकू आलं. मला इतका आनंद झाला होता की नवरीने खाली बघायचं असतं हेही मी विसरले.

आई घाम पुसत बाला म्हणाली, "आता म्हना की तुमचं ते सक्सेस."

बाने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "कसलं सक्सेस?" तो म्हणाला. "पोर चालली माजी."

दिवाळसणाला आम्ही दोघं घाट चढून वर आलो. गाडी थांबायच्या आतच प्लॅटफॉर्मवरून आरोळी आली, "अराइव्ह!" सगळं स्टेशन वळून बघायला लागलं. घराशी पोचल्यावर बा मला हाताला धरून आत न्यायला निघाला, तर आईने उंबऱ्यातच त्याला अडवलं. थांबा म्हणाली, आजून आली न्हाई ती.

पायावर पाणी पडलं. गुळाचा खडा तोंडात विरघळला. मी सावकाश पाणी प्याले, आणि तोवर बा हात बांधून गुपचूप उभा होता. तांब्या खाली ठेवला तेव्हा तो पुढे आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कधी नव्हे ते अगदी हळू म्हणाला, "सक्सेस."