गोटीरामचं हसू

मखमलाबादच्या लंकाबाईला मोकळं हसताना गावात कोणी पाहिलं नाही. तिचं हसू ओठांच्या कोपऱ्याशी यायचं आणि तिथूनच माघारी जायचं. तिचा नवरा गोटीराम मात्र हसायला लागला की मळ्यातल्या विहिरीवरचा रहाट आठवायचा. आधी नुसती करकर, मग दम कोंडल्यासारखी शांतता, आणि मग पोहरा वर येऊन सांडावा तसं सगळं एकदम. त्याच्या शेजारी बसलेला माणूस विनोद कळला नसला तरी हसायचा.

नवराबायकोचा झेंडू आणि शेवंतीचा मळा होता. पहाटे लंकाबाई फुलांची पाटी घेऊन नाशकाच्या बाजारात जायची, उन्हं चढायच्या आत परत यायची. आयुष्य असंच गेलं असतं. पण पुंजाने त्यात वायर ओढली.

पुंजा आधी सायकलींची पंक्चर काढायचा. पंच्याण्णवच्या सुमाराला नाशकात घरोघर केबल आली, तेव्हा तो गच्च्यांवरून वायरी ओढता ओढता पुंजाशेठ झाला. त्या दिवसांत टीव्हीवर घरगुती विनोदी मालिका लागायच्या. एक दिवाणखाना, एक सोफा, चिडका बाप, समजूतदार आई, आगाऊ पोरं. पुंजाने हिशेब केला की यात आपल्याकडे नाही असं काहीच नाही. पंचवटीतलं एक रिकामं गोदाम घेतलं, तीन भिंती रंगवल्या, एक दार बसवलं, आणि आपल्याच केबलवर ‘बारा चपला’ नावाची मालिका सुरू केली. दारात सहा माणसांच्या बारा चपला, आणि कोणी कोणाची घालून गेला यावरून भांडण.

आईच्या कामाला लंकाबाईला घेतलं, कारण तिला पाठ करावं लागत नव्हतं. ती घरी बोलायची तसंच तिथे बोलायची. पण पहिल्याच दिवशी ती अडून बसली. त्या भागात सगळ्यांनी मिळून म्हाताऱ्या मामाच्या बहिरेपणाला हसायचं होतं.

“हसा की,” लंकाबाई म्हणाली. “पण मंग त्याचं ताट पहिलं वाढायचं. ज्याला हसलो, तो उपाशी उठला नाय पाह्यजे.”

तेव्हापासून ‘बारा चपला’चा प्रत्येक भाग ताटावर संपायचा. ज्याची टर उडवली त्याला पहिली भाकरी. लोकांना ते फार आवडलं. घरात थट्टा कशी करावी हे कोणी शिकवत नाही, लंकाबाईने ते शिकवलं असं मी आजही म्हणतो.

आम्ही मखमलाबादकर गोदामात गोणपाटांवर बसून हसायचो. पुंजाने माईक आढ्याला टांगला होता, बरोबर गोटीरामच्या डोक्यावर. “तात्या, तुम्ही हसलात की गोदाम हसतं,” असं म्हणायचा. ते खरं होतं. टेपेत भरलेल्या त्या हसण्यात माझंही हसू आहे, आणि आता ते तिथून काढून आणता येत नाही.

पुढे मुंबईच्या वाहिन्या आल्या. त्यांच्यापुढे आमची मालिका दोन-तीन वर्षांत आटली. दोन हजार एक साली गोटीराम गेला.

त्यानंतर तीनेक वर्षांनी पुंजाशेठ लंकाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. सोबत जीवन नावाचा एक तरुण होता. पुण्याहून येऊन कॉलेज रोडला राहिलेला, नाकावर चष्मा, बोलणं गोड. त्याने ‘बारा चपला’च्या सगळ्या टेपा पाहिल्या होत्या.

“आता मोठं होणाऱ्या मुलांच्या मालिका चालतात, काकू,” जीवन म्हणाला. “घर तुमचंच. सोफा, दार, चपला, शेवटचं ताट, सगळं तसंच. फक्त आता घराची गोष्ट आईबाप नाही, चौदा वर्षांची मुलगी सांगेल. कॅमेऱ्याकडे बघून.”

कल्पना वाईट नव्हती. मोठ्यांच्या भांडणाकडे लेकरू कसं बघतं, हे कोणीतरी सांगायलाच हवं होतं. मुलीच्या कामाला त्यांना लंकाबाईची नात निकिता हवी होती. तिच्या मुलाची, गोरक्षची पोरगी, नववीत शिकणारी, चुणचुणीत, आजीची जीभ आणि आजोबाचे दात घेऊन आलेली. आईबाप हो म्हणाले. निकिता तर आठवडाभर आरशासमोरून हलली नाही. मालिकेतल्या मुलीचं नावही निकिताच ठेवलं.

आणि मग रिक्षांच्या पाठीवर पोस्टरं लागली. सोफ्यावर उभी असलेली हसरी निकिता, आणि वर मोठ्या अक्षरांत: ‘निकिता शहाणी झाली’.

जीवनला म्हणायचं होतं, पोरीला अक्कल आली. पण आमच्याकडे मुलगी पहिल्यांदा न्हाती झाली की म्हणतात, शहाणी झाली. आणि तेही बाया म्हणतात, चुलीपाशी, आवाज खाली करून. त्या शब्दात लाज नाही, काळजी आहे. तो शब्द आता मालेगाव स्टँडपासून सातपूरपर्यंत धूर सोडत फिरत होता.

शेजारची कुसाबाई दुसऱ्याच दिवशी दारात आली. “लंकाबाई, नातीचं न्हाण रिक्षावर लावलं व्हय? आमच्या येळी तर चुलत्याला बी पत्ता लागत नवता.”

“तुझ्या चुलत्याला कशाचाच पत्ता नवता,” लंकाबाई म्हणाली. पण तिने चपला पायात सरकवल्या.

ती तशीच पुंजाच्या कचेरीत गेली. जीवनला शब्दाचा अर्थ कळला तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला. नाव बदलू म्हणाला. पुंजाला मात्र अर्थ पहिल्यापासून माहीत होता. तो काय पुण्याहून आला नव्हता.

“काकू, चूक पोराची, पण फायदा सगळ्यांचा,” तो म्हणाला. “फोन बंद होत नाहीत. लोक म्हणतात, असं नाव ठेवायला धाडस लागतं.”

मला त्याच्या या वाक्याचीच सगळ्यात जास्त घाण वाटते. चूक करणाऱ्या पोराला निदान लाज वाटली होती. चूक ओळखून ती खिशात घालणाऱ्याला काय म्हणायचं, यासाठी आमच्या भाषेत शब्द आहेत, पण ते कागदावर लिहायचे नाहीत.

निकिता शाळेतून आली. “आजी, तू उगीच करतेस. मुलं चिडवतात, दोन दिवसांनी गप्प होतील. मला काम सोडायचं नाहीये.” लंकाबाईने मग ऐकून घेतलं. पोरीचा हट्ट तिला मोडवला नाही.

रविवारी दुपारी पहिला भाग लागला. पोरगी सायकलवरून पडते आणि घरात खोटं सांगते, असं काहीतरी. ती पडली, आणि टीव्हीतून हसणं आलं. आधी करकर, मग शांतता, आणि मग सगळं एकदम.

लंकाबाई उठून टीव्हीपाशी गेली आणि काचेवर हात ठेवून उभी राहिली. पुंजाने नवं हसू भरायला माणसं बोलावलीच नव्हती. जुन्या टेपांतलं हसू काढून नव्या भागांना चिकटवलं होतं. त्या दिवशी लंकाबाईला बरं वाटलं, हे मला तिनेच सांगितलं. गेलेला माणूस घरात येऊन नातीच्या पडण्यावर हसला. खऱ्यातही तो असाच हसला असता आणि मग हळद लावायला धावला असता.

पण रविवार येत गेले. गोटीराम नातीच्या पुटकुळीला हसला. तिच्या सपाट छातीला हसला. शेजारचा पोरगा न्हाणीघराच्या फटीतून डोकावला, तेव्हा सर्वांत जास्त हसला. ज्याने उभ्या जन्मात बाईमाणसाकडे मान वर करून पाहिलं नाही, तो मेल्यावर पुंजाच्या हुकुमाने खिदळत होता. शेवटी ताट होतंच. मुलीला पहिली भाकरी वाढायचे. पण ताट आता माफी मागत नव्हतं, तेही विनोद झालं होतं.

मग नावाला साजेसा भाग आला. लंकाबाई त्या दिवशी निकिताचा डबा घेऊन गोदामात गेली होती. सेटवर निकिता कोपऱ्यात पोत्यावर बसलेली. मालिकेतली आई नाक धरून लांबून तिच्याकडे ताट पायाने सरकवत होती. ताट वाटेत उलटायचं आणि कढी मांडीवर सांडायची, असं ठरलं होतं. कढी सांडावी तशी सांडत नव्हती, म्हणून पुन्हा पुन्हा चाललं होतं.

लंकाबाई कॅमेऱ्यासमोरून चालत गेली. “निके, ऊठ.”

“आजी, थांब ना. एवढाच शॉट राहिलाय.”

“तुझा आजा हसणार हाय याच्यावर.”

“हसू दे की,” निकिता म्हणाली. “आजोबाच हसतात ना. परके थोडेच आहेत.”

लंकाबाई पोत्यावर तिच्याजवळ टेकली. “तुझी आत्या मनीषा शहाणी झाली, तव्हा त्यानं बाजारातून हिरवं पातळ आणलं. हातात देता येईना, म्हणून उंबऱ्यावर ठेवलं आणि मळ्यात निघून गेला. सांजच्याला डोळे सुजवून आला. ज्यानं ताट कधी पायानं सरकवलं नाय, त्याला हितं हसायला लावतेत.”

निकिताने मांडीवरची कढी बोटाने निपटली. मग ती पुंजाकडे वळली. “काका, या भागाला आजोबांचं हसू लावू नका. बाकी मी सगळं करते.”

“अगं, शंभर माणसांचं हसणं आहे ते. त्यातून एक कसं उपसू?”

“मग सगळंच काढा.”

“मग लोकांना कळणार कसं, कुठे हसायचं?” पुंजा हसत म्हणाला. “आणि बाळा, टेपेतलं हसू काय कोणाच्या मालकीचं असतं?”

 जीवन कागद चाळत राहिला.

निकिता उठली. तोंडाची पावडरही न पुसता आजीच्या हातातला डबा घेतला आणि बाहेर चालू लागली. बसमध्ये ती आजीपासून लांबच्या सीटवर बसली. काम गेल्याचं दुःख तिला होतं, आणि आजीचा रागही आला होता. घरी येऊन तिने साबण लावून लावून तोंड धुतलं, कातडी लाल होईपर्यंत.

पुंजाने दुसरी मुलगी आणली. तिचं नाव मालिकेत निकिताच राहिलं. पुढल्या रविवारी तो भाग लागला. लंकाबाईने टीव्ही लावला नव्हता, पण आळीतल्या प्रत्येक घरात लागला होता. उन्हाळ्याचे दिवस, दारं-खिडक्या उघड्या. कुसाबाईच्या घरातून गोटीराम हसला. समोरून हसला, मागच्या बोळातूनही हसला.

लंकाबाईने दार लावलं, खिडक्या लावल्या. आत घामाच्या धारा, आणि हसणं पत्र्यातून येतच होतं. ती चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली.

निकिता आतल्या खोलीतून बाहेर आली. सात-आठ दिवस ती आजीशी बोलली नव्हती.  तिने डब्यातले शेंगदाणे मिक्सरच्या भांड्यात ओतले आणि बटण दाबलं. आवाजाने घर भरून गेलं, बाहेरचं हसणं त्यात बुडालं. कूट कधीच झालं, त्याचं तेल सुटू लागलं, भांडं तापलं, झाकण थडथडायला लागलं.

लंकाबाई उठली आणि झाकणावर तिने दोन्ही तळवे दाबून धरले.