बैल मागं आल्याबिगर

मंडळी, सुप्याच्या आपल्या वाचनालयाच्या फळ्यावर आज सुविचार लिहायची पाळी माझी. पण सुविचार राहू द्या! सकाळीच जे घडलं ते सांगतो.

मी मॅट्रिकला गणितात नापास झालो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुन्हा शाळेत जायचं म्हणजे धाकट्या भावाच्या वर्गात बसायचं! त्या विचारानं महिनाभर अन्न गोड लागत नव्हतं. नाव घालायचा आज शेवटचा दिवस, आणि पाय शाळेकडं वळेनात. शेवटी शेजारच्या आबांच्या विहिरीवर जाऊन बसलो.

आबा मोट हाकत होते. म्हणाले, "नुसता बसतूस काय? धर कासरा!"

आमचं लहानपण इंदापूरकडं, पाटाच्या पाण्यावर गेलेलं. मोट मी जन्मात हाकली नव्हती. बैल उतारावरून खाली गेले, मोट वर आली, पाणी भदाभदा पडलं. मी लगेच बैल वळवायला लागलो.

"आरं येड्या, वळवतूस कशाला? तसंच उलट्या पावली मागं येऊ दे त्यास्नी. बैल मागं आल्याबिगर मोट बुडत न्हाय, आन् बुडाल्याबिगर भरत न्हाय!"

कासरा आबांच्या हातात दिला आणि मी शाळेकडं पळत सुटलो. नाव घातलं! वर्गात भाऊ बाकावर सरकला आणि त्यानं मला जागा केली.

तुमच्यातलं कोण कोण सध्या मागं येतंय? इथंच खाली लिहा. खडू ठेवलाय.