पट्टीच्या पलीकडे सासूबाई

माझी धाकटी जाऊ एका मदत संस्थेचं गोदाम सांभाळते. इथून वीस किलोमीटरवर अणुवीज केंद्र आहे. तिथे काही झालंच, तर पळून येणाऱ्यांसाठी कपडे, चपला, आयोडीनच्या गोळ्या तयार ठेवायच्या, हे तिचं काम. घरी हिला स्वतःचा चष्मा सापडत नाही. गोदामात मात्र कुठल्या खोक्यात कोणत्या मापाच्या चपला आहेत, ते झोपेतही सांगेल.

यंदाच्या सरावात तिने मला आणि सासूबाईंना खोटे बाधित म्हणून गोदामाच्या हॉलमध्ये रांगेत उभं केलं. समोर जमिनीवर पिवळी पट्टी होती. अंगावरून किरणोत्सर्ग मोजणारा मीटर फिरल्याशिवाय ती ओलांडायची नाही, मग सख्खी आई का असेना.

"आटप गं, पाय दुखतात," सासूबाई म्हणाल्या.

"खरं संकट आलं की खुर्ची मागवाल का?" हसत तिने मीटर सासूबाईंच्या डोक्यापासून खाली आणला. छातीपाशी तो कडकडायला लागला.

"झकास नाटक!" मागून कुणीतरी म्हणालं. जाऊ हसली नाही. सरावासाठी मीटर वाजण्यासारखं काही तिथे ठेवलेलंच नव्हतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं, मीही पाहिलं. साधं ऊन होतं, आणि त्या उन्हात माझी दोन्ही मुलं खेळत होती. केंद्रातून खरंच काही सुटलं असेल तर?

ती ओरडली असती तर हॉलभर पळापळ झाली असती. "स्वेटर आणि चपला काढा," ती हळूच म्हणाली आणि ते सगळं पिशवीत बांधून टाकलं. मीटर पुन्हा छातीवर धरला. आवाज तेवढाच. म्हणजे जे होतं ते कपड्यांवर नव्हतं, आत होतं. मग मीटर माझ्या अंगावरून फिरवला, मागच्या दोघांवरूनही. सगळीकडे शांत.

"सासूबाई, काल कुठे गेला होतात?"

"कुठे जाणार? घरीच."

"मी बाहेरच्या मुलांना आत बोलवू की नको, ते तुमच्या उत्तरावर आहे."

सासूबाईंनी मान खाली घातली. "दवाखान्यात. हृदयाचे फोटो काढायला दंडात कसलीशी सुई दिली. किरणांची. तुम्हाला कशाला घोर लावायचा, म्हणून नाही बोलले."

मुलं बाहेरच राहिली. जाऊने सुईची वेळ विचारून कागदावर लिहिली.

"आता तरी येऊ का आत?"

"या." तिने हातमोजा काढून हात पुढे केला. "डॉक्टर काय म्हणाले?"

सासूबाईंनी हात धरला, पट्टी ओलांडली, आणि स्वेटर मागितला.