दादाला आधी काय परत हवंय

गेल्या रविवारी किहीमच्या किनाऱ्यावर आमचा वॉक झाला. दरवर्षी त्याच संध्याकाळी मी फोटो टाकते... या वेळी गुरुवार उजाडला तरी हात धजावत नव्हता. डोक्यात नुसता गोंधळ आहे, म्हणून शेवटी लिहूनच बघते.

नवीन मंडळींसाठी सांगते. सात वर्षांपूर्वी माझा मोठा भाऊ आमच्याच वाडीत नारळ काढताना माडावरून पडला. मज्जारज्जूला मार बसला, कमरेखालची सगळी जाणीव गेली. तेव्हापासून दादा व्हीलचेअरवर आहे.

डॉक्टर म्हणाले होते, यावर आज इलाज नाही, पण संशोधन चालू आहे. मी शाळेत भूगोल शिकवते, संशोधन काय करणार... पण त्यासाठी चार लोकांकडे हात पसरू शकते, एवढं कळलं. तसा हा वॉक सुरू झाला. त्याचं नाव 'दादा पुन्हा चालणार', आणि बॅनरवर खुर्चीतून उठून उभा राहणारा माणूस. जे जमतं ते अशा संशोधनाला निधी देणाऱ्या एका संस्थेला जातं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी दिलंय.

तर वॉकच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, त्या संस्थेतली एक मुलगी दादाच्या घरी आली. पेशंटना काय वाटतं ते विचारून एक फॉर्म भरायचा होता. वहिनीने पोहे केले. मी कौतुकाने नवा बॅनर उलगडून दाखवला.

तिने विचारलं, उपचार सापडला आणि सुरुवातीला एकच गोष्ट परत मिळणार असेल, तर कोणती हवी?

मी पटकन म्हटलं, "चालणं! लिहा."

"सुमे, तिनं मला इचारलंय," दादा म्हणाला.

मग बराच वेळ पोह्यांच्या बशीकडे बघत राहिला. मुलगी फॉर्मवर पेन टेकवून थांबली होती. शेवटी म्हणाला, "चालायचं मागनं बघू. लघवी लागली की कळली पायजे, न् धरता आली पायजे. येवढंच लिवा."

वहिनी कप उचलून आत गेली. मुलगी मात्र जराही दचकली नाही. "असं सांगणारे तुम्ही पहिले नाही, काका," म्हणाली आणि लिहून घेतलं.

मला काय वाटलं सांगू? आधी लाज वाटली. मग चक्क राग आला... सात वर्षं मी हा चालावा म्हणून धावतेय, आणि ह्याला हे हवंय! आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात वहिनीपाशी जाऊन उभी राहिले. वहिनी माझ्याकडे न बघता, कप विसळत बोलत होती. कुठे जायचं असलं की दादा आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला 'ताप आहे' म्हणाला, तो ताप नव्हता. हरिहरेश्वरला जायचं तीनदा ठरून मोडलं, ते गाडी मिळाली नाही म्हणून नव्हे.

"आणि मागच्या वर्षी वॉकमधून हे मधेच घरी आले ना, तेव्हा युरीनची पिशवी सुटली होती. पँट सगळी भिजली होती."

मागच्या वर्षी मी इथेच लिहिलं होतं, की एवढी माणसं आपल्यासाठी चालताना बघून दादाला भरून आलं, म्हणून तो लवकर गेला. तुम्ही किती जणांनी त्याखाली हार्ट दिले होते... ते खरं नव्हतं हो. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं.

बाहेर येऊन दादाला म्हटलं, "मग हा वॉक चुकला का रे? बंद करू?"

"बंद कशाला? पैसं जाऊ देत. माझ्या हयातीत काय मिळंल न मिळंल... उद्या दुसरा कोन पडंल, त्याला व्हईल. फकस्त मागायचं काय, ते मला इचारून माग."

रविवारी मी माईक हातात घेतला. भाषण पाठ होतं, दरवर्षीचंच. पहिल्या वाक्यानंतर मी दादाकडे बघितलं. वाळूत चाकं रुततात म्हणून दादा सुरूच्या झाडांखाली, रस्त्याच्या कडेला बसतो. त्याने तिथूनच हात पुढे केला आणि मी माईक त्याच्याकडे दिला.

"माझी बहीन सांगते, मला चालायचंय. चाललो तर आवडंलच. पन आधी मला चारचौघांत भिजायची भीती नको. ती पन ह्याच दुखण्यातली हाय. तिच्यासाठी पन द्या."

लोक समुद्राकडे बघायला लागले. माईक परत घ्यावा की नको, मला सुचेना. तेवढ्यात मागून आमच्या आळीतले एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हरकाका ओरडले, "अरे, तो इलाज निघाला तर मला पन सांग रे!"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने दादा हसला.

तासाभराने तो घरी निघाला... या वेळी सांगून. "सुमे, पिशवी बदलायची हाय, जातो." चांगलं खणखणीत, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आता बॅनरवर काय लिहू? एक मैत्रीण म्हणाली, 'लघवी'सारख्या शब्दाला कोणी पैसे देत नाही. असेलही तसं. आणि खरं सांगायचं तर त्याला चालताना बघायचंय हे अजून माझ्या मनातून जात नाही... पण ती इच्छा त्याची किती आणि माझी किती, ते आता मला वेगळं करता येत नाहीये.

त्या मुलीचे मात्र मनापासून आभार. तिने प्रश्न विचारला, आणि उत्तर येईपर्यंत थांबली. सात वर्षांत मी तेवढी कधी थांबलेच नव्हते.