उंबऱ्यावरची सखूमावशी

लेक जेवायला बसली की सखूमावशी समोर उकिडवी बसायची आणि घास पोटात जाईपर्यंत नजर हलवायची नाही. सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या. मानमोडीच्या तापाची साथ आली, तिच्यात मावशीचे दोन मुलगे गेले. राहिली एकटी अनशी, माझी मैत्रीण.

"खा माझे बाई, न्हायतर तूबी जाशील," मावशी रोज म्हणायची.

तेराव्या वर्षी अनशी घास गालात धरून ठेवू लागली. मावशी चुलीकडे वळली की भाकरी ओच्यात जायची. ती मी चाळीमागच्या शेळ्यांना घालत असे.

"आई बघती तवा घास उतरतच न्हाय," अनशी म्हणाली. "भावांच्या वाटचं खाल्ल्यागत वाटतंय. कुणाला सांगू नको, शपथ हाय."

तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मावशी घाबरून तिचं नाक दाबून दूध पाजायची. भिंतीपलीकडून अनशीच्या उलट्या मला ऐकू येत. तरी मी शपथ मोडली नाही.

एका दुपारी अनशी नळावर घागरीसकट कोसळली. ओठ निळे पडले होते. मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन तोंडावर पाणी मारत होती. आता ही मरणार, आणि ते माझ्यामुळे, या भीतीने मी सगळं सांगून टाकलं. शेळ्यांचं, आणि भावांच्या वाट्याचंही. मार बसेल असं वाटलं होतं.

"कवापासनं?" मावशीने एवढंच विचारलं.

"दिवाळीपासनं."

दुसऱ्या दिवशी तिने ताट वाढलं आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली, दाराकडे पाठ करून. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"तू जा आत," ती मला म्हणाली. "तिच्यासंगं जेव. मला लई भ्या वाटतंय, पर मी न्हाय बघणार."

त्या दिवशी अनशीने चतकोर भाकरी खाल्ली. त्यानंतर वर्षभर मावशी दोन्ही वेळा तशीच उंबऱ्यावर बसली. आतून भांडं वाजलं तरी दचकायची, पण वळली नाही.

अनशी जगली. लग्न होऊन मंद्रूपला गेली. एकदा मी तिच्याकडे राहून आले, तर मावशी आमच्या दारातच थांबलेली.

"जेवती कशी गं ती?" तिने हळूच विचारलं. "मी नुसते घास मोजले, तिला कवा धड बघितलंच न्हाय."

मी तिच्याजवळ बसले आणि सांगू लागले: आधी भाकरी आमटीत कुस्करते, मग वरून कांदा घेते, आणि बोलता बोलता जेवते.