राजाचा कारभारी आणि हमीदाभाभींचा व्हिसा

आधी हातातला चहा खाली ठेवा, मग ऐका. हसताना सांडलात तर मी पुसणार नाही!

नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झाले आणि मला एक खूळ लागलं. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात ब्रिटनच्या खासदारांची यादी आहे, ती मी बिनचूक ठेवते. कोण निवडून आला, कोणी पक्ष बदलला, कोण वारला, सगळं रत्नागिरीत बसून. सांगितलं होतं कोणी? कोणीच नाही! पण जन्मभर पोरांच्या चुका काढलेल्या, हात शिवशिवतात.

आमच्या शेजारी हमीदाभाभी. त्यांची शबाना माझी विद्यार्थिनी, आता इंग्लंडात नर्स. पहिलं बाळंतपण जवळ आलेलं आणि भाभींचा व्हिसा अडकलेला. माऊली रोज विचारायची, बाई, काही करता येईल का? तिकडे अशा वेळी आपल्या खासदाराला पत्र देतात. आणि खासदार म्हणजे तर माझं खातं!

शबानाच्या भागाचा खासदार शोधला, तर ताजी बातमी: राजाने त्याला आपल्या एका जहागिरीचा कारभारी नेमलंय. अहो, साक्षात राजाने! मी लगेच यादीत त्याच्या नावापुढे ही बढती नोंदवली आणि भाभींना म्हटलं, काम झालंच समजा, माणूस थेट राजवाड्यात पोचलाय.

पत्रही मीच लिहिलं, माझ्या इंग्रजीत. आधी अभिनंदन, मग समस्त रत्नागिरीकरांच्या शुभेच्छा, मग आपला उत्कर्ष असाच होत राहो, आणि शेवटी कुठेतरी व्हिसा. शबानाला पाठवलं, तुझ्या सहीने दे म्हणून.

आणि थोड्याच दिवसांत व्हिसा आला की! मग काय विचारता. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत कोणाला सोडलं नाही मी.

भाभी निघायच्या आदल्या दिवशी बघते, तर त्याच जागेची पोटनिवडणूक जाहीर. का, म्हणून वाचायला घेतलं आणि घामच फुटला. तिकडे खासदाराला सरळ राजीनामा देता येत नाही म्हणे. जायचं असलं की राजाची ही नावापुरती कारभारकी घ्यायची, की जागा रिकामी. हा बाबा तर कसल्याशा भानगडीत सापडून घरी गेलेला, आणि मी त्याला उत्कर्षाच्या शुभेच्छा दिलेल्या!

तशीच उठून गेले. भाभी बॅगेत अळीव आणि डिंक भरत होत्या. मी खाली मान घालून सगळं कबूल केलं. त्यांनी मला जवळ बसवलं.

"शबानाने तेव्हाच सांगितलेलं मला. तिने दुसरं पत्र लिहून शेजारच्या भागातल्या खासदारबाईंना दिलं. त्यांनीच पाठपुरावा केला."

"मग मला बोलला का नाहीत?"

"किती खूश होतात तुम्ही. माझ्यासाठी एवढं कोण बसलं असतं लिहायला? कसं मोडायचं तुमचं मन?"

डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. मग हळूच विचारलं, माझ्या पत्राचं काय केलं तिने?

"उशाशी ठेवलंय. कंबर फार दुखायला लागली की वाचते. म्हणते, अम्मी, हसून हसून दुखणं विसरायला होतं."

घ्या! शाळेत मी लिहून दिलेलं एक पान कधी या पोरीने उघडून पाहिलं नाही. आता माझं पत्र तिला तोंडपाठ आहे.