देवळावरून नाव नेत नाहीत

आमच्या गावात किस्से गाळासारखे साचतात. जुनं गाव धरणात गेलं, नवं काठावर बसलं. समुद्र निम्म्या गावानं पाहिलेला नाही, तरी एसटीत कंडक्टरला सांगतात, "बंदरावर उतरायचंय!"

पलीकडच्या काठाला नेणारी नाव माझा थोरला भाऊ चालवायचा, दादा. मागच्या वादळात ती उलटली. बाकीचे वाचले, दादा गेला. मी तेव्हा चाकणला कंपनीत होतो. नेमका कुठं गेला, ते मला कुणी सांगत नाही. विचारलं की म्हणतात, "पाण्यात."

*

दादानं जुनं गाव नांदतं पाहिलेलं नव्हतं, म्हाताऱ्यांकडून पाठ केलेलं. त्याच्या गल्ल्या धरून तो नाव न्यायचा.

एकदा पाथर्डीचे पाहुणे बसले. एवढं पाणी बघून भेदरलेले. दादा म्हणाला, "डावीकडं शाळा."

"कुठं हाय?"

"खाली. तास चालू हाय, हळू बोला!"

*

बुडालेल्या देवळावरून नाव न्यायची नाही, वळसा घ्यायचा. मी एकदा सरळ नेली. दादानं कानाखाली वाजवली.

"देव तर वर आणला की आपण!" मी ओरडलो.

"देव आणला. जागा आणली का?"

*

उन्हाळ्यात पाणी हटतं, तेव्हा शेजारचे सोपानतात्या झाडू घेऊन खाली जातात. गाळातला आपला उंबरा झाडतात. काकू ओरडतात, "तितं कोन येनार हाय?"

"म्हनून काय घान ठिवू?"

*

दादाच्या दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, "कायबी इच्छा मागं ऱ्हायली न्हवती पोराची."

आई म्हणाली, "उपाशी गेल्ता त्यो."

मी कावळ्याला दगड उचलला. मामानं हात धरला.

*

गेल्या आठवड्यात, दादा गेल्यावर पहिल्यांदा, नाव मी घेतली. पुढं सोपानतात्या बसलेले. देवळाला वळसा घेतला. शाळा गेली, गाव संपलं. पुढं खाली नुसतं माळरान. मी जोरात वल्ही मारली.

"वळसा घे," तात्या म्हणाले.

"हितं कशाला? हितं काय न्हाई."

"घे म्हंतो ना."

"कुनाचं घर हाय खाली?"

"घर न्हाई, बाळा."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. नावेतलं कुणी माझ्याकडं बघेना.

समोरून मासे धरणाऱ्यांची होडी येत होती. तिनंही तिथं लांबूनच वळसा घेतला.